पाटे

मलिकजान मेस्त्रीनं जीप मागून उचलली,
ॲक्सलखाली फणसाचा ठोकळा सारला.
"बसलेत की ओ. बसून उलटे वाकलेत."
एकवीस वर्षं कौलं वाहिली त्यांनी,
एकदा एक बाळंतीण.

यू बोल्ट गंजून एकजीव झालेले.
रॉकेल पाजलं, चहा झाला, पुन्हा रॉकेल,
शेवटी छन्नीच.
सेंटर बोल्ट सुटला तसे सहा पाटे
पत्त्यांसारखे विस्कटले.
मधून पडली जांबोटीच्या घाटाची लाल माती,
डांबर यायच्या आधीची.

"निदान, निदान," तो पोराला कानडीत सांगतो,
हळू, हळू.
मला मात्र मराठीत ऐकू येतं:
निदान एवढं तरी.

नवे पाटे चढले. जीप ताठ, परक्यासारखी.
सुगंधा म्हणाली, आता पाय कुठं ठेवू?
जुन्यातला एक मी मागून घेतला,
कोयता होईल.

रात्री खानापूरहून परतताना कळलं,
गाडी मागं बसलेली, म्हणून दिवे वर बघायचे,
रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळायचे.
आता उजेड खड्ड्याखड्ड्यावर, नेमका.
वर काळोख.
एका वळणावर उगाच थांबलो,
मान बाहेर काढून बघितलं.