सुतळी

बोरीच्या जत्रेला त्या वर्षी समुद्राचा पडदा हवा होता.
तिसऱ्या अंकात गलबत फुटतं.
सगुण च्यारीनं अठरा फूट मांजरपाट
देवळामागच्या अग्रशाळेत पसरला,
सुतळी निळीत बुचकळली,
एक टोक माझ्या हातात दिलं:
"ताण रे. ढिलें सोडूं नाका."
आणि मधोमध चिमटीत उचलून सोडली.

ठप्प.
आभाळ वेगळं झालं, समुद्र वेगळा.

नाटकाचे मास्तर म्हणाले, फार खाली मारलीस.
राजाच्या गुडघ्याशी समुद्र, शोभत नाही.
सगुण म्हणाला, वर घेतली तर गळ्यातून जाईल.
आणि रेघ बघणाऱ्याची असते, मास्तर, राजाची नव्हे.
समोर चटईवर बसतात त्यांच्या हिशेबानं
ती स्टेजच्याही खाली हवी.
एवढी सूट दिलीय राजाला.

त्याच्या आदल्या आठवड्यात
कदंबच्या बसनं त्यानं मला वेळसांवला नेलं होतं,
एवढंच दाखवायला.
"बस," म्हणाला. बसलो. रेघही बसली.
"ऊठ." उठलो. तीही उठली,
वाळू न झटकता.
ओढून ठेवलेल्या होडीच्या नाळीवर चढलो
तर तिथंही हजर, बरोबर डोळ्यांसमोर.

सगुणला पोहता येत नव्हतं.
खनिज भरून मुरगांवहून निघालेली बोट
बारीक होत होत दिसेनाशी झाली
की तो म्हणे, "गेली."
कुठं, ते मी विचारलं नाही.

नाटकाच्या रात्री लाटांसाठी
पडद्यामागे टेबलफॅन लावला.
रेघ वाकली, फुगली,
आणि पुढच्या चटईवरची एक म्हातारी ओरडली,
"उदक आयलें गे!"
गलबत फुटायच्या आधीच टाळ्या पडल्या.
मास्तर अजून रागात असतील.

तो पडदा आता बेतकीला कुणाच्या तरी अंगणात
सुपारीवर घालतात.
घडीच्या जागी दुसरी रेघ उमटलीय,
पहिलीपेक्षा ठसठशीत.

माझ्या अंगठ्याची नीळ महिनाभर गेली नव्हती.
भात कालवताना आई तोंड फिरवायची.

काल वेळसांवला गेलो, एकटाच.
गुडघे धरतात, म्हणून उठाबशा काढल्या नाहीत.
बसलो. ती बसली.
एक टोक माझ्याकडेच असणार,
अंगठ्याला ताण लागत होता.
दुसरं कुणी धरलंय ते
नांगरलेल्या बोटींचे दिवे लागल्यामुळे
नीट दिसलं नाही.