कोरड्याचा आकडा

तुटायच्या आधी बोल्ट मऊ होतो.
हे पुस्तकात सापडत नाही, मनगटाला कळतं.
पाना ओढत असता जोर चढत जातो
आणि एका जागी चढायचा थांबतो,
पाना मात्र फिरतोच आहे;
कडाक्याचं भांडता भांडता समोरचा एकदम
"बरं" म्हणतो, तसं.
तिथेच हात काढून घ्यायचा असतो.
मी घेतला नाही.

दारूखान्यात, मागच्या गाळ्यात,
'गोल्फादेवी' बोटीचं सहा सिलिंडरचं इंजिन
लाकडी ठोकळ्यांवर बसलेलं.
नवे पिस्टन, नवे लायनर, क्रँक घासून आणलेला.
नारसूबाई वैती रोज दुपारी वरळीहून यायची,
स्टुलावर बसायची, काही विचारायची नाही.
ते न विचारणं माझ्या पाठीला भाजायचं.

हेडचे सव्वीस बोल्ट. मधून बाहेर,
तीन फेऱ्यांत, तक्त्याबरहुकूम.
दोन फेऱ्या सगळे शहाण्यासारखे वागले.
तिसरीत सातवा गेला.
आवाज मोठा नसतो. सुपारी फुटावी तेवढा.

चेनपुलीने हेड परत उचललं.
संध्याकाळ बुंधा काढण्यात गेली:
पंच मारला, उलट्या आट्याचं ड्रिल लावलं,
इझी-आउट घातला, नावाचाच इझी,
तोही आत तुटला.
(माझ्या तोंडून जे निघालं
ते ऐकलं नाही असं नारसूबाईने दाखवलं.)
शेवटी बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका दिला,
आणि गरम असतानाच मागे-पुढे,
मागे-पुढे,
हलत्या दाढेसारखा
तो वर आला.

बोल्टच खोटे, मी ठरवलं.
नागदेवी स्ट्रीटला हातिमभाईच्या काउंटरवर
तुकडा आपटला.
त्याने तो चष्म्याशी नेला. "ताणून तुटलाय," म्हणाला,
"माल खराब नाय. तू जास्ती खेचला."
मी त्याचा माल, त्याचा चष्मा, दोन्ही काढले
आणि शेजारच्या दुकानातून दुप्पट भावाने
दुसरा सेट घेतला.
त्यातला तिसरा गेला. मग अकरावा.

रे रोडला रेंच तपासून आणला. काटा चोख.
आता उरलो मी.

रात्री चहा घेऊन आलो तर सिद्राम,
अक्कलकोटचा, सहा महिन्यांचा हेल्पर,
बल्बखाली बसून बोल्टच्या आट्यांना
काळं ग्रीस लावत होता,
एकेका आट्यात बोट फिरवून, काजळ घातल्यासारखं.
"हे कधीपासून?"
"पहिल्यापासनं. परत उघडायची वेळ आली
तर गंजून अडकू नयेत म्हणून."

भिंतीवर तक्ता. आकड्याखाली बारीक अक्षर:
आटे कोरडे.
वीस वर्षांत मी ती ओळ वाचली नव्हती.
वाचायची गरजच पडली नव्हती;
मला कधी कुणी ग्रीस लावून दिलं नव्हतं.

कोरड्या आट्यात निम्म्याहून जास्त जोर
घासण्यातच मरतो,
आकडा ते धरूनच लिहिलेला.
ग्रीस लागलं की घासणं कमी,
आणि तोच हात, तोच क्लिक,
वाचलेला सगळा जोर
बोल्टच्या मानेवर.

ओरडायला तोंड उघडलं होतं.
"तुझी चूक नाही" म्हणावं, तर चूक होतीच.
रॉकेलचा डबा पुढे सरकवला.
दोघांनी बसून सव्वीस भोकं पुसली,
तारेला फडकं गुंडाळून, तळापर्यंत.
ताणलेले बोल्ट परत वापरायचे नसतात.
म्हणजे तिसरा सेट.
म्हणजे हातिमभाई.

तो काही बोलला नाही.
सेट काढून ठेवला, वर एक सुटा बोल्ट.
"हा कशाला?"
"तुझ्या हातासाठी."

दुपारी तिसरी फेरी. गाळ्यात कुणी बोलेना.
शेवटचा क्लिक झाला
आणि नारसूबाई स्टुलावरून उठली.
"सव्वीस," म्हणाली, आणि पदर झटकून गेली.

जास्तीचा बोल्ट सिद्रामने खिशात टाकला.
खोलीवर नेऊन त्याला तेल लावलं असणार.
मी विचारलं नाही.