शिळं पाणी

बुधवारी सकाळी ग्युम्रीत उणे एकोणीस.
पट्ट्या सोडल्या. सातांपैकी पाच डोळ्यांत
काच धुरकटलेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि तळाशी पांढरी रेघ, साय धरावी तशी.
"दुखतंय का?" डॉक्टर न्शान विचारत गेले.
कुणालाच फारसं दुखत नव्हतं.
तेच त्यांना खटकलं.

डोळ्यातलं थेंबभर पाणी प्रयोगशाळेत गेलं.
तीन दिवस बशीत काही उगवलं नाही.

मग वही उघडली.
भिंगं? दोन वेगळ्या खोक्यांतली.
सलाइन? सातही जणांना तेच.
न्शान एकेका ओळीवर काट मारत होते
आणि मी कपबशा पुसत होते,
पुसलेल्याच पुन्हा,
शेवटच्या रकान्याकडे नजर जाऊ नये म्हणून.

बरे राहिलेले दोघे सकाळचे पहिले.
त्यांची हत्यारं गुरुवारी धुतलेली.
बाकीच्यांची सोमवारी.

शनिवारी नळ गोठले होते.
धुण्याच्या यंत्रातलं पाणी मी फेकलं नाही.
पडक्या घरांच्या त्या हिवाळ्यात
आईने बर्फ वितळवून आम्हाला पाजलंय;
पाणी ओतून देणारा हात आमच्यात कुणाचाच नाही.
दोन दिवस ते उबदार खोलीत तसंच राहिलं.
दिसायला नितळ.

वाफेत सगळे जंतू मेले, हेही खरं.
एकशे चौतीस अंश, खुणेची पट्टी काळी पडलेली,
खाली सही माझी.
पण मेलेल्यांच्या टरफलांत विष उरतं,
ते वाफेला जुमानत नाही.
बारीक नळीच्या पोटात दबा धरून बसतं
आणि डोळ्यात उतरतं.

"अरुस्याक," न्शान म्हणाले. नुसतं नाव.
मी म्हटलं, हो.

तासातासाला स्टिरॉइडचे थेंब, रात्रीसुद्धा.
चार डोळे निवळले.
म्हातारा मकर्तिच कॅलेंडरवरचा डोंगर ओळखून
माझ्यावरच खूश झाला.
सिरवार्द कपडे शिवते. तिचा डोळा अजून
पहाटेच्या खिडकीसारखा.
मी गेले की सुई पुढे करते, "ओवून दे गं."
तिला सगळं सांगितलंय, मीच सांगितलं.
तरी करते.

आता रोज संध्याकाळी यंत्राची तोटी सोडते.
चांगलं दिसणारं पाणी
मोरीत जाताना बघत उभी राहते.
अजून जीव तुटतो.