तिसरं पाणी

त्या वर्षी सोयाची पेंड हाताबाहेर गेली.
चिपाटाच्या दुकानात लुंगूने पोत्यावर थाप मारून भाव सांगितला.
मी पुन्हा विचारला,
जणू दुसऱ्यांदा सांगताना तो उतरणार होता.

घरात कालोंगोन्डाच्या बिया पडून होत्या.
मक्याच्या ओळींमधून आम्ही ती लावतो, जमिनीला बळ यावं म्हणून.
शेंगेवर मखमल, आत गुळगुळीत मणी, काळे, करडे, ठिपक्यांचे.
माणसं त्या खात नाहीत.
दुष्काळात खातात, दिवसभर उकळून,
आणि नंतर त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिल्या खेपेला मला कसली घाई झाली होती!
नुसत्या कुटल्या, मक्याच्या कोंड्यात कालवल्या, घातल्या.
दोन दिवस पिल्लांनी टिपल्या.
तिसऱ्या दिवशी भांड्याभोवती उभी राहिली
पाहुण्यांसारखी,
ज्यांना भूक आहे पण यजमानाचा स्वयंपाक माहीत आहे.
एकोणीस मेली.
उरलेली अठराव्या दिवशीही माझ्या मुठीत मावत होती.
"ब्रॉयलर आणलेस की चिमण्या?"
कुंपणावरून योब म्हणाला,
आणि त्याच्या बायकोने त्याला आत ओढलं.

मग मायामिको आला, कृषी खात्याचा, मोटरसायकलवरून,
नाकाच्या शेंड्यापर्यंत धुळीने लाल.
रात्रभर भिजत घाला. पाणी फेका.
उकळा. पाणी फेका.
पुन्हा उकळा. तेही फेका.
वाळवा, दळा, शंभरात दहाच भाग घाला, हावरटपणा नको.

पहिलं पाणी शाईसारखं.
दुसरं, पावसात उभ्या राहिलेल्या ट्रकखालचं.
तिसरं चहासारखं, आणि वासही बरा.
सरपण किती लागलं ते मी वहीत लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं.

निघताना, किक मारता मारता, तो म्हणाला,
"या बीत जे असतं ना, मोठ्या शहरांत त्याचंच औषध देतात,
हात कापणाऱ्या माणसांना."
गाडी सुरू झाली. मी ओरडले, "किती? किती द्यायचं?"
त्याने मान हलवली.
माहीत नाही म्हणून, की ऐकू आलं नाही म्हणून,
मी अजून ठरवलेलं नाही.

मुसुकूच्या झाडाखाली बाबा बसले होते,
मांडीवर उजवा हात, त्यावर डावा,
जसा कुणी पिशवीतल्या कोंबडीवर ठेवतो.

मी पातेलं उचललं.
उभी राहिले.
पहिल्या पाण्याने एकोणीस पिल्लं मारली होती, की बियांनी, की मी?
झाकण ठेवलं. काढलं.
शेवटी न्हाणीमागे ओतलं, आणि मागे वळून पाहिलं,
तर बाबा माझ्याकडेच पाहत होते,
काहीच न विचारता.

बेचाळिसाव्या दिवशी वजनं.
डावीकडे सोयाची वीस, उजवीकडे कालोंगोन्डाची वीस,
पायांना चिंध्या बांधलेल्या, निळ्या आणि पिवळ्या.
ताणकाटा बाबांनीच धरला.
तीस वर्षं कापसाच्या केंद्रावर त्यांनी गासड्या तोलल्या,
त्यांच्याकडून काटा कोण मागणार?
कोंबडी उलटी टांगली, शांत झाली,
काटा मात्र नाही.
सतराशे, अठराशे पन्नास, सतराशे साठ.

"लिही," ते म्हणाले.
"थांबू दे, बाबा."
"थांबत नाही तो. लिही."

प्रत्येक वेळी मी खालचा आकडा लिहिला.
दोन्ही बाजूंना सारखाच अन्याय, म्हणून हिशेब चालेल असं मला वाटलं.
पिवळ्या चिंधीच्या हलक्याच भरल्या, शे-दीडशे ग्रॅमने.
पण पोत्यांचे पैसे घरातच राहिले होते,
एका चपट्या डब्यात, मिठाच्या मागे.

योब दोन विकत घेऊन गेला. चिंधी त्याने पाहिली नाही.

चौतिसाव्या कोंबडीला बाबांनी हात बदलला.
डावाही कापू लागला होता.
हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.
मी पेन्सिल तोंडात धरली,
काट्याखाली तळहात लावावासा वाटला, लावला नाही,
आणि वाट पाहिली.