डावा भोवरा

चार महिने मी दिवाणखान्यात वल्हवत होते.
बोपोडी, तिसरा मजला, खिडकीला जाळी,
समोर भिंत, पाठीमागे फ्रिज.
वल्हवणाऱ्याला पाठ करूनच पुढे जायचं असतं;
मी रोज पाच हजार मीटर फ्रिजकडे जायचे
आणि पोचायचे नाही.

डॉक्टर म्हणाले होते, खांदा जुळलाय, पण पाण्यात इतक्यात नको.
तसेही मुळशीचे दरवाजे उघडलेले,
क्लबच्या पायऱ्या गढूळ पाण्याखाली,
नावा छताला उलट्या टांगलेल्या.
मग औंधच्या एका गृहस्थांकडून यंत्र आणलं, अर्ध्या किमतीत.
ते त्यावर टॉवेल वाळत घालायचे.

यंत्राला वारा लागत नाही, जलपर्णी अडकत नाही.
साखळी ओढा, पंखा घरघरतो, आकडा येतो.
पाचशे मीटरला दोन मिनिटं चव्वेचाळीस.
दोन एकतीस.
दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोन बावीस,
ऑपरेशनच्या आधीचा माझा आकडा, तंतोतंत.
मी एकटीच टाळी वाजवली.
खालच्या कुलथेकाकूंनी छताला झाडूचा दांडा ठोकला.

चुकत नव्हते, हेही सांगायला हवं.
आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यांत शेवटी;
परतताना आधी हात, मग कंबर, मग गुडघे.
ओढताना एक मोजायचं, परतताना दोन.
सुभेदार गव्हाणे अठरा वर्षं हेच काठावरून ओरडताहेत,
खडकीच्या सॅपर्समधून निवृत्त, भोंगा अजून गळ्यात:
'बाई, पाणी ओढू नका! पाणी कुठं जाणारे?
पातं रोवा, अन् नाव त्याच्या पुढं काढा.
इंग्रजीत रो असेल, आपल्यात रोव!'

कार्तिकात नदी उतरली.
सकाळी सव्वासहा. एकटीची नाव, इतकी अरुंद
की तिच्यात बसत नाहीत, तिला नेसतात.
दहा वल्ह्यांत कळलं
यंत्र काय काय माझ्यासाठी परस्पर करून टाकत होतं.
तोल.
मनगट वळवून पातं आडवं करणं.
आणि थांबणं:
मी पायांकडे सरकत येते तेव्हा
नाव माझ्याखालून धावत असते,
घाई केली की माझंच वजन तिचा वेग मारतं.

हे सगळं आठवलं हळूहळू, हातांना.
पण नाव डावीकडे जायला लागली.
सरळ केली. पुन्हा डावीकडे,
जलपर्णीच्या चटईत नाक खुपसायला.
'कड्या बघा,' सुभेदार म्हणाले.
कड्या ठीक होत्या.

यंत्राला मूठ एकच असते.
दोन्ही हात तिच्यावर, आकडा दोघांचा मिळून.
चार महिने उजवा डाव्याचं काम उरकत होता,
थोरला भाऊ न बोलता हप्ते भरतो तसा,
आणि मी बेरजेला टाळी वाजवत होते.
नदीने बेरीज केली नाही.
तिने दोन भोवरे माझ्यासमोर मांडले:
उजवा परातीएवढा, फिरत फिरत लांबवर गेलेला,
डावा वाटीएवढा,
बघेपर्यंत विरलेला.

भोंग्यातून: 'डावा लावा! डावा!'
होता तेवढा तो लावतच होता.
मी उजव्याला म्हटलं, जरा कमी.
तो ऐकेना. मग ऐकलं.
नाव सरळ झाली आणि हळू,
लाज वाटावी इतकी हळू;
एक पाणकावळा पोहत पुढे निघून गेला,
होळकर पूल आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.
सुभेदार काही बोलले नाहीत.
नाव उचलताना मात्र डावी बाजू त्यांनी धरली.

संध्याकाळी यंत्रावर बसले
उजवा हात मांडीवर ठेवून.
चार मिनिटं सात.
पंखा जेमतेम फिरला.
खाली कुलथेकाकूंना काही ऐकूच गेलं नसावं.