चौथं कडं

वातींसाठी ठेवलेला कापूस
काल चिमूटभर मागून घेतला मालतीकडून.
"मासे मारायला?" ती म्हणाली.
म्हटलं, मागच्या वेळी का सुटला ते बघायला.

सारसोळ्याच्या जेटीवर ओहोटी. होडी पालथी.
पदाजी तांडेल बुडाला टकटक करत फिरतोय,
आवाज बसका आला की
खडूची फुली.

मी काठी मांडीवर आडवी घेऊन
कड्याकड्यातून कापूस ओढतो.
तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
बेअरिंगला बोट टेकवून सांगायचो, हे जाणार.
इथे बोटाला काही कळत नाही.

चौथ्या कड्याला एक तंतू अडकला.

केसाएवढी चीर.
हिनेच कुरतडला तंगूस,
आणि होडीच्या काठापर्यंत आलेला जिताडा
शेपटीचा एक फटका देऊन
खारफुटीच्या मुळांत गेला, माझी गरी तोंडात घेऊन.
तेव्हा मी बोल लावला
वाशीच्या दुकानदाराला, भरतीला,
पदाजीच्या वल्ह्यालासुद्धा.

"मंग, गावला?"
डांबराचा डबा ढवळता ढवळता तो विचारतो.
मी कडं दाखवतो.
बघतो, बोलत नाही काही,
नुसता खडू पुढे करतो.