बदली

फाहाहीलच्या मैदानावर शुक्रवारी संध्याकाळी
माझ्याकडे शिट्टी नसते. स्टॉपवॉच असतं,
आणि मांडीवर कागद: दहा नावं, सात जागा.

नियम साधा आहे. दहा वर्षांखालच्यांना
कितीदाही बाहेर काढा, कितीदाही आत पाठवा,
निम्मा वेळ तेवढा प्रत्येकाला मिळायला हवा.
बॉल बाहेर गेला की
आधी जाणाऱ्याचा पाय रेषेबाहेर,
मग येणाऱ्याचा आत.

बेसिल बाहेर यायचा तो बुटातली वाळू झटकत,
पाण्याआधी कागदात डोकवायचा:
"अंकल, माझी किती झाली?"
गेल्या शुक्रवारी त्याची बावीस.
माझ्या मैथिलीची वीस, सेकंदही जास्त नाही.
पंक्तिप्रपंच नको.
(घरी त्यावरून भांडण होतं.)

रविवारी बेसिलच्या बाबांची कंपनी बंद पडली.
बुधवारच्या विमानाने सगळे कोट्टयमला.
आज मुस्तफा कोच म्हणाला,
ते नाव खोड.

खोडलं नाही.
पुढे लिहिलं: बाहेर.

त्याच्या जागी मैथिली रेषेवर उभी,
त्याचाच पिवळा बिब, गुडघ्यापर्यंत आलेला.
"जा" म्हणायला मला जरा वेळ लागला.
बाबा, ती ओरडली,
बॉल कधीचा बाहेर गेलाय!